तेच पुस्तक पुन्हा मागितलं, तर वाचा

तुमच्या घरात दीड ते सहा वर्षांचं मूल असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. मूल तुमचं असो, नातवंड असो, किंवा दुपारभर तुमच्याकडे असणारं शेजारचं असो.

रात्री अंथरुणं पडतात. मुलगी एक पुस्तक घेऊन येते. कालही तेच वाचलेलं असतं, परवाही तेच. कोपरे दुमडलेले, एक पान चिकटपट्टीने जोडलेलं. तुम्ही दिवसभराचे दमलेले असता. तुम्ही म्हणता, “अगं, हे झालंय ना आपलं. आज दुसरं वाचू.” पोरगी मान हलवते. तिला हेच हवं असतं.

तेच वाचा. मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं सगळं ते का वाचायचं आणि कसं वाचायचं, याबद्दल आहे.

आपण मोठी माणसं गोष्ट वाचतो ती पुढे काय झालं हे कळावं म्हणून. ते एकदा कळलं की आपलं मन त्यातून उठतं. लहान मुलाला पुढचं माहीत असण्यातच गंमत वाटते. त्याच्या दिवसाचा जरा विचार करा. कधी उठायचं, काय खायचं, कोणाकडे जायचं, हे सगळं मोठे ठरवतात. पाहुणे न सांगता येतात. आई न सांगता बाहेर जाते. पुस्तकात मात्र पान उलटलं की माकड तिथेच बसलेलं असतं. त्या दहा मिनिटांत पुढे काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. दिवसात असं त्याच्या वाट्याला फार थोडं येतं.

शिवाय मूल दर वेळी तेच ऐकत नसतं. आधी त्याचं लक्ष चित्रांवर असतं. मग ते तुमचा आवाज ऐकू लागतं. मग एके दिवशी त्याला कोपऱ्यातला उंदीर दिसतो, जो तुम्हालाही दिसला नव्हता. मग एखादा न कळलेला शब्द आपोआप उलगडतो.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाने तीन वर्षांच्या मुलांबरोबर केलेला एक छोटा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या. काहींना दर वेळी वेगळ्या गोष्टी वाचल्या. गोष्टींत पेरलेले नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा कानावर पडले. तरी ज्यांनी त्याच गोष्टी ऐकल्या, त्यांच्या ते शब्द जास्त लक्षात राहिले. तेव्हा कंटाळा तुम्हाला येतो, मुलाला नाही, हे एकदा समजून घ्या.

आपल्या आज्यांना हे कोणी सांगावं लागलं नाही. काऊ-चिऊची गोष्ट आठवा. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं. तो चिमणीच्या दारात येतो आणि पुन्हा पुन्हा तेच विचारतो. चिमणीचं दर वेळी बाळाचं काहीतरी काम निघतं. पुढचं उत्तर काय येणार, हे ऐकणाऱ्या पोरांना ठाऊक असतं, म्हणून ती आजीच्या आधी बोलतात. म्हातारीच्या भोपळ्याची गोष्टही तशीच. जाताना जे प्राणी भेटतात, ते येतानाही भेटायचेच. सात शेपट्यांच्या उंदराच्या गोष्टीत रोज एक शेपूट कमी होते. पोरं सातापासून खाली मोजायला शिकतात आणि आपण काही शिकलो हे त्यांना कळतही नाही.

हीच युक्ती चित्रांच्या पुस्तकात आली की त्याचा मोठा उपयोग होतो. कारण आता ते ठरलेलं वाक्य कानाला ऐकू येतं आणि डोळ्याला दिसतंही.

अमेरिकेत बिल मार्टिन नावाच्या लेखकाचं आणि एरिक कार्ल या चित्रकाराचं ‘ब्राउन बेअर, ब्राउन बेअर, व्हॉट डू यू सी?’ हे पुस्तक १९६७ साली निघालं. त्यात फारसं काही घडत नाही. एका प्राण्याला विचारायचं, तुला काय दिसतंय? तो पुढच्या प्राण्याचं नाव सांगतो. पान उलटलं की तो प्राणी हजर. मग त्यालाही तोच प्रश्न. तीन पानं झाली की चौथं पान मूलच म्हणतं. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, कार्ल यांचं खादाड सुरवंटाचं पुस्तक आलं. सोमवारी एक फळ, मंगळवारी दोन, बुधवारी तीन. पानांना खरीखुरी भोकं, म्हणजे सुरवंटाने खाल्लेली. वार, आकडे, फळं, सगळं त्यात येतं. पण शिकवणीचा वास येत नाही. ही दोन्ही पुस्तकं आजही छापली जातात, ती याच साधेपणामुळे.

मराठीत तर अशा पुस्तकांचा आणखी एक फायदा आहे. तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही.

समजा, पुस्तकात असं आहे. बैल आला. गाय आली. वासरू आलं. बोकड आला. शेळी आली. करडू आलं. वाक्य एकच, पण शेवट दर वेळी बदलतो. आला, आली, आलं. हे मुलाला समजावून सांगायला जा, तुमचीच दमछाक होईल. पण असं पुस्तक आठ दिवस वाचा. मग एका पानावर थांबा आणि फक्त चित्र दाखवा. “कोंबडी…” असं म्हणून गप्प बसा. मूल म्हणेल, “आली!” व्याकरणाचं नावही न घेता ते काम झालेलं असतं. ज्या घरात आई एका भाषेची आणि बाबा दुसऱ्या भाषेचे आहेत, किंवा जी मुलं परदेशात वाढतात आणि मराठी फक्त घरातच ऐकतात, त्यांच्यासाठी असं पुस्तक फार मोलाचं आहे. त्यांच्या कानावर तेच वाक्य वाटेल तितक्या वेळा पडायला दुसरी जागा नसते.

आता कसं वाचायचं ते सांगते.

आधी तुम्ही एकट्याने एकदा वाचून घ्या. दोन मिनिटं लागतात. कुठलं वाक्य परत परत येतं ते पाहा. गोष्ट शेवटी कुठे वळते ते पाहा.

मूल मांडीत किंवा शेजारी बसवा. समोर बसवू नका. समोर बसवलं की पुस्तक त्याला उलटं दिसतं. अक्षरं आणि चित्रं दोन्ही त्याला सुलटी दिसली पाहिजेत.

मुखपृष्ठ दाखवा. नाव वाचा. कोणी लिहिलं, कोणी चित्रं काढली, तेही वाचा. पुस्तक कोणीतरी माणसाने केलेलं असतं हे मुलाला कळू द्या.

पहिल्यांदा सरळ वाचा. मध्ये थांबू नका. “हा कोण? याचा रंग कोणता? सांग बरं किती?” असली प्रश्नपत्रिका काढू नका. आपल्याकडे ही सवय फार आहे. पाहुण्यांपुढे मुलाला रंग विचारायचे, आकडे विचारायचे. पुस्तकाच्या वेळी तरी त्याला त्यातून सुटका द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ठरलेलं वाक्य आलं की जरा हळू व्हा. शेवटच्या शब्दाआधी थांबा. मुलाकडे बघा. मनात पाच आकडे मोजा. इथेच बहुतेक माणसं घाई करतात. मुलाच्या ओठावर शब्द येत असतो आणि आपण तो म्हणून टाकतो. थांबलात आणि मूल बोललं नाही, तरी काही बिघडत नाही. तुम्हीच शब्द म्हणा आणि पुढे जा. “बोल ना, बोल ना” करू नका. दोन दिवसांनी ते स्वतःहून बोलेल.

आवाज बदला. वाघाचा जाड, उंदराचा बारीक. लाज वाटत असेल तर दार लावून घ्या. पण ठरलेलं वाक्य दर वेळी त्याच चालीत म्हणा. मूल त्या चालीवर शब्द पकडतं.

पान मुलाला उलटू द्या. दोन पानं एकदम उलटली गेली तर गप्प राहा. बहुतेक वेळा त्याचं त्यालाच कळतं आणि ते एक पान मागे जातं. गोष्ट कुठे तुटली हे त्याला समजलं, म्हणजे ती त्याच्या डोक्यात नीट बसली आहे.

तुम्हीही शब्द बदलू नका, पानं गाळू नका. झोप आली म्हणून मधली दोन पानं गाळलीत तर पकडले जाल. “असं नाहीये!” असं मूल म्हणालं तर रागावू नका. छापलेले शब्द दर वेळी तेच असतात, आपल्या मनाने बदलत नाहीत, हे त्याला कळलं आहे. वाचायला शिकण्यातली ही पहिली मोठी गोष्ट आहे. ती तुम्ही शिकवलेली नाही. परत परत वाचल्यामुळे ती त्याला कळली.

काही दिवसांनी वाचताना बोट शब्दांखालून सरकवत न्या. डावीकडून उजवीकडे. शब्दागणिक ठोके देऊ नका. बोट वाहतं ठेवा. प्रत्येक वेळी करायचीही गरज नाही. अधूनमधून पुरे.

पुस्तकात ‘बोका’ लिहिलं असेल आणि मूल ‘माऊ’ म्हणालं तर म्हणू द्या. पुस्तकातला मुलगा ‘मी बघतो’ म्हणत असेल आणि तुमची मुलगी ‘मी बघते’ म्हणाली तर मनातल्या मनात खूश व्हा. तिने गोष्ट स्वतःची केली आहे.

आणि मग एक दिवस असा येतो. मूल पुस्तक उघडून मोठ्याने ‘वाचू’ लागतं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, “हे काय वाचणं? सगळं पाठ झालंय त्याला.” कृपा करून हे म्हणू नका. निदान त्याच्यासमोर तरी नको.

पाठ झालंय हे खरंच आहे. पण ते काय काय करतंय ते पाहा. पुस्तक सुलटं धरतंय. पुढून मागे जातंय. पान संपलं की उलटतंय. ज्या पानाचं वाक्य त्याच पानावर म्हणतंय. गाण्याचा सूर आणि वाचण्याचा सूर त्याला वेगवेगळा कळलाय. आणि मुख्य म्हणजे, आपण वाचणारे आहोत असं त्याला वाटतंय. पहिलीच्या वर्गात जाताना हे वाटणं सोबत असलं, तर अक्षरांची भीती कमी होते.

न्यूझीलंडमधले शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे यांनी घरात रात्री पुस्तकं ऐकणारी लहान मुलं नंतर एकटी बसून ती कशी ‘वाचतात’ हे बारकाईने पाहिलं. १९७९ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. आईच्या मांडीवर जे घडतं ते शाळेच्या वर्गात कसं घडवता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून मोठ्या आकाराची पुस्तकं वर्गात आली. पान एवढं मोठं की मागच्या मुलालाही शब्द दिसावेत.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चित्र बघून ओळखणं आणि पाठ म्हणणं ही वाचनाची सुरुवात आहे. तिथेच थांबून चालत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या शाळांमध्ये एके काळी असं मानणारे बरेच लोक होते की मूल चित्रावरून आणि वाक्याच्या ओघावरून शब्द ओळखत गेलं की त्याला वाचता येईल, अक्षरं फारशी शिकवायला नकोत. त्याचा फटका बऱ्याच मुलांना बसला. तुम्ही तसं करू नका. आपल्या देवनागरीत अक्षर आणि आवाज यांची जोडी बरीच पक्की असते. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्या जोडीचा फायदा घ्या.

त्यासाठी नवं पुस्तक लागत नाही. पाठ असलेलंच पुस्तक घ्या. ‘गाय आली’ या पानावरचं गाईचं चित्र हाताने झाका. “इथे काय लिहिलंय?” मूल सांगेल. मग म्हणा, “यातला ‘गा’ कुठला?” ते बोट ठेवेल. पुढे ‘गाढव’ आलं की तोच ‘गा’ तिथे शोधायला सांगा. पुढच्या आठवड्यात ठरलेलं वाक्य कागदाच्या पट्टीवर लिहा. शब्द कात्रीने वेगळे करा. त्याला पुन्हा ओळीत लावायला सांगा. ते पुस्तक उघडून ताडून बघेल. तिथे खरं वाचन सुरू होतं.

हे खेळ पाच-सहा वर्षांच्या मुलाशी खेळा. तीन वर्षांच्या मुलाच्या मागे अक्षरांचा धोशा लावू नका. त्याला ऐकू द्या.

एक सावधगिरीची गोष्ट मध्येच सांगते. बरेच दिवस तेच पुस्तक वाचूनही मूल आवाजाकडे वळत नसेल, ठरलेल्या शब्दाला हसत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर “बोलेल हळूहळू” म्हणून वाट बघू नका. डॉक्टरांकडून कान तपासून घ्या. बहुतेक वेळा काळजीचं काही निघत नाही. निघालं तर लवकर कळलेलं बरं.

आता तुम्ही विचाराल, मोबाइलवर गोष्टी आहेतच की. त्याही मूल परत परत बघतं. खरं आहे. पण मोबाइल मुलासाठी थांबत नाही. मूल बोललं काय आणि गप्प बसलं काय, चित्र पुढे सरकतं. “हा कावळा का रडतोय?” असं मुलाने विचारलं तर मोबाइल उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. मला वाटतं, रात्री झोपायच्या वेळी तर अजिबात नको. पुस्तक वाचता वाचता मुलाचे डोळे मिटतात. मोबाइल बघता बघता ते टक्क उघडे राहतात. हे तुम्ही घरी बघितलंच असेल.

आजोबा-आजी आणि नातवंडं दोन शहरांत किंवा दोन देशांत असतील, तर मात्र मोबाइल कामाचा आहे. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. एक नातवाकडे पाठवा, एक तुमच्याकडे ठेवा. व्हिडिओ कॉलवर तुम्ही वाचा, त्याने त्याच्या प्रतीत पान उलटायचं. “जेवलास का? शाळेत गेला होतास का?” हे दोन प्रश्न संपल्यावर बोलायचं काय, ही अडचण राहत नाही. ठरलेलं वाक्य आलं की तुम्ही थांबा. ते तिकडून येईल.

पुस्तक घेताना काय बघायचं?

दुकानात उभं राहूनच तीन पानं हळू आवाजात वाचा. चौथ्या पानावर काय असेल हे तुम्हाला सांगता आलं तर पुस्तक चांगलं. एका पानावर एक-दोन वाक्यं असावीत. अक्षर ठसठशीत असावं, आणि ते चित्रावर छापलेलं नसावं. जो शब्द बदलतो त्याचं चित्र त्याच पानावर हवं. भाषा तुम्ही बोलता तशी हवी. वाचताना जीभ अडखळली तर भाषांतर कच्चं आहे असं समजा आणि पुस्तक परत ठेवा. शेवटी छोटासा धक्का असावा. सगळे येतात, येतात, आणि शेवटी काहीतरी वेगळंच होतं. तो धक्का नसेल तर ती नुसती यादी होते.

एका पुस्तकात पन्नास गोष्टी, बारीक टाइप, आणि प्रत्येकीच्या शेवटी तात्पर्य, अशी जाडजूड पुस्तकं वाढदिवसाला फार येतात. ती मूल आठ वर्षांचं झालं की बघा. बटण दाबलं की ओरडणारी पुस्तकं तर घेऊच नका. बॅटरी संपते आणि पुस्तकही संपतं. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर जाड पुठ्ठ्याच्या पानांचं घ्या, कारण ते आधी चावणार.

जास्त पुस्तकं लागतच नाहीत. पाच-सहा चांगली पुस्तकं वर्षभर पुरतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची लहान मुलांची पुस्तकं बघा. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये घरातलीच माणसं आहेत, घरातलीच भाषा आहे. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं खिशाला परवडतात. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथे मराठीतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. त्यातली पहिल्या पातळीची पुस्तकं अगदी थोड्या शब्दांची असतात. झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्या आणि टाचून टाका. मुलाच्या हातात कागद द्या, फोन नको.

घरीच पुस्तक करायला तर काहीच खर्च नाही. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, जुन्या दिनदर्शिकेची मागची पानं, काहीही चालतं. घरातल्या माणसांचे फोटो चिकटवा, नाहीतर चित्रं काढा. चित्र बिघडलं तर मूल हसेल, तेही चांगलंच. लिहायचं कसं, तर असं:

आई भाकरी थापते. मी बघतो.
आजी लसूण सोलते. मी बघतो.
दादा सायकल पुसतो. मी बघतो.
मांजर दूध पितं. मी बघतो.
मी झोपतो. सगळे बघतात.

झालं पुस्तक. मुलगी असेल तर ‘मी बघते’ लिहा. मुलाच्या घरात जे घडतं तेच लिहा. बाबा रिक्षा चालवत असतील तर रिक्षा. आत्या मासळी विकायला जात असेल तर टोपली. स्वतःच्या घराचं पुस्तक मूल सगळ्यात जास्त वेळा मागतं.

घरात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, वारली, जे काही बोललं जात असेल, ते या पुस्तकात येऊ द्या. शाळेतली मराठी शाळेत येईलच. पालघर जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, असा त्यांचा रिवाज होता. भाषेचंही तसंच करा. छापलेलं पुस्तक वाचताना ठरलेलं वाक्य एकदा पुस्तकातलं म्हणा, एकदा घरातलं म्हणा. मुलाचा गोंधळ होत नाही. मुलांना दोन्ही कळतात.

तुम्हाला वाचता येत नसेल तरी मागे राहू नका. चित्रं तुम्हालाही दिसतात. ठरलेलं वाक्य एकदा कोणाकडून ऐकून घ्या. मग पान उलटा आणि म्हणा. पुष्कळ घरांत नातवंड पहिलीत जातं आणि मग तेच आजीला बोट धरून शब्द दाखवतं. यात कमीपणा कसला?

बाबांना एक वेगळं सांगणं. हे काम आईचं आहे असं धरून चालू नका. रोज जमणार नसेल तर आठवड्यातले दोन दिवस तुमचे ठरवा आणि ते चुकवू नका. तुमचा वाघ आईच्या वाघापेक्षा वेगळा ओरडतो. मुलाला तो हवा असतो.

तुम्हाला खरंच कंटाळा आला तर काय करायचं? येणारच. माणूस आहात. एक युक्ती करा. “हे एकदा तुझ्या मनातलं, मग एक माझ्या मनातलं” असा सौदा करा. किंवा म्हणा, “आज तू वाच, मी ऐकते.” अर्ध्या घरांत एवढ्यावरच काम भागतं. पण पुस्तक लपवून ठेवू नका. मूल ते शोधत राहतं आणि मग रात्रीचं रडणं तुमच्याच पदरी येतं. त्याचं मन भरलं की ते स्वतःच पुस्तक सोडून देतं. तोपर्यंत फाटलेली पानं चिकटवत राहा.

अंगणवाडीच्या ताईंनो, तुमच्याकडे वीस-पंचवीस मुलं आणि एक छोटं पुस्तक असतं, हे ठाऊक आहे. तेच पुस्तक दिनदर्शिकेच्या मोठ्या कागदांवर उतरवून घ्या. अक्षर एवढं मोठं काढा की भिंतीशी बसलेल्या मुलालाही दिसेल. ठरलेलं वाक्य सगळ्यांनी मिळून म्हणायचं. एकटं बोलायला लाजणारं मूल घोळक्यात बोलतं. आठवडाभर तेच पुस्तक ठेवा. शनिवारी पानं मुलांच्या हातात वाटा आणि त्यांनाच ओळीत उभं राहू द्या. कोण आधी, कोण नंतर, हे ती भांडून का होईना ठरवतात.

शेवटी एक काम सगळ्यांसाठी. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. तुमच्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या वाचनालयात या आठवड्यात जा. लहान मुलांची चित्रपुस्तकं आहेत का ते विचारा. नसतील तर पुढच्या खरेदीच्या यादीत दहा तरी घालायला सांगा. चार आया, दोन आजोबा मिळून गेलात तर ग्रंथपाल नक्की ऐकतात. असतील, आणि काचेच्या कपाटात कुलूपबंद असतील, तर कुलूप काढायला सांगा. पुस्तकं खालच्या फळीवर ठेवून घ्या, तीन वर्षांच्या मुलाचा हात पोचेल अशी. आणि त्याने तेच पुस्तक तिसऱ्यांदा घरी न्यायचं म्हटलं, तर नाव नोंदवून त्याला नेऊ द्या.